वडीलधाऱ्यांच्या गोळ्या आणि आपले मेडिकल दुकानदार

तालुक्याच्या गावी असो की भिवंडी-मालेगावसारख्या शहरात, मोहल्ल्याच्या तोंडाशी असलेले मेडिकल स्टोअर आता पुष्कळ ठिकाणी आपल्याच एखाद्या मुलाचे असते. डी.फार्म. किंवा बी.फार्म. होऊन, वडिलांच्या भांडवलावर अथवा बँकेच्या कर्जावर दुकान उघडलेले हे तरुण मेहनती आहेत. परंतु या धंद्याकडे पाहण्याची आपली नजर अजून किराणा दुकानाचीच आहे. माल भरायचा, गिऱ्हाइकाने मागितला की द्यायचा आणि रात्री गल्ला मोजायचा. औषध ही नुसती मागितली म्हणून द्यायची वस्तू नव्हे, आणि घेणारा वयस्कर असेल तर मुळीच नव्हे. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसांच्या पोटात जाणाऱ्या नको त्या गोळ्या कमी करण्यात औषध दुकानदाराला काय करता येते, एवढाच विषय या लेखात घेतला आहे.

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख भरली होती. तेव्हापासून ती बरीच वाढली आहे. यांपैकी ज्यांना डॉक्टर आणि औषध दोन्ही परवडते त्यांच्या घरी एक प्लास्टिकची पिशवी किंवा बिस्किटांचा रिकामा डबा हमखास सापडतो. त्यात हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात, हाडांच्या डॉक्टरांच्या असतात, गल्लीतल्या डॉक्टरांच्या असतात, शेजाऱ्याला गुण आला म्हणून आणलेल्याही असतात. प्रत्येक डॉक्टर आपापली चिठ्ठी पाहतो. सगळी पिशवी एकत्र कोणी पाहत नाही. या सर्व गोळ्या ज्या एका ठिकाणावरून जातात ते ठिकाण म्हणजे मेडिकलचे काउंटर. म्हणूनच जगभर या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांची नजर फार्मासिस्टकडे वळली आहे.

वय वाढले की तीच गोळी वेगळी वागते

औषध शरीरात जाते, काम करते आणि यकृत व मूत्रपिंडाच्या वाटेने बाहेर पडते. वय वाढते तसे हे दोन्ही अवयव मंदावतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, चरबीचे वाढते. चरबीत मुरणारी औषधे मग दिवसचे दिवस आत राहतात. डायझेपाम या झोपेच्या व चिंतेच्या गोळीबद्दल १९७५ साली प्रसिद्ध झालेली मोजणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वीस वर्षांच्या तरुणाच्या रक्तातील हे औषध निम्म्यावर यायला साधारण २० तास लागले, तर ऐंशीच्या माणसात सुमारे ९० तास. म्हणजे रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या ऐंशीच्या आजोबांच्या अंगात कालची, परवाची आणि तेरवाची गोळी शिल्लक असतानाच आजची जाते. पहाटे फजरच्या वेळी वुजूसाठी उठताना तोल गेला, न्हाणीत पाय घसरला, मांडीचे हाड मोडले, तर घरचे लोक ओल्या फरशीला दोष देतात. गोळीचे नाव कोणी घेत नाही.

अमेरिकेतील डॉक्टर मार्क बियर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची पहिली यादी तयार केली. पुढे तेथील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ती हाती घेतली. तिची २०२३ ची आवृत्ती निघाली आहे. आयर्लंडमधील तज्ज्ञांनी २००८ साली वेगळ्या पद्धतीची यादी केली, तिची तिसरी आवृत्तीही २०२३ मध्येच आली. दोन्ही याद्यांत आपल्या काउंटरवरची रोजची औषधे आहेत. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या आहेत. सर्दीच्या गोळीत असणारे क्लोरफेनिरामिन आहे. त्याने तोंड कोरडे पडते, लघवी अडते, म्हाताऱ्या माणसाचे डोके भ्रमते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके दीर्घकाळ घेणे, मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड, आणि पित्ताची गोळी कारण नसताना महिनोन्‌महिने चालू ठेवणे यांचाही त्यांत समावेश आहे. परदेशी यादी आपल्याला पूर्ण पुरत नाही हे मात्र खरे. नाइमसुलाइड हे वेदनाशामक अमेरिकेत कधी विक्रीला आलेच नाही, म्हणून अमेरिकेच्या यादीत ते शोधून उपयोग नाही. यादीत नाही म्हणजे निर्धोक, असा अर्थ कोणी काढू नये.

या याद्यांत नाव आले म्हणजे ते औषध विष ठरले, असेही नाही. तरुणाला ते चालते, वृद्धालाही काही वेळा दुसरा इलाज नसतो. यादी विचारायला सांगते: हे अजून हवे आहे का, याहून बरे काही आहे का?

गोळीवर गोळी चढते कशी

आपल्या समाजातील कारागीर मंडळींच्या बाबतीत वेदनाशामकाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. यंत्रमागावर तीस-चाळीस वर्षे उभे राहिलेले पाय, शिलाई मशीनवर वाकलेली पाठ, गॅरेजमध्ये गाडीखाली घासलेले खांदे. साठीनंतर हे सगळे दुखते आणि कामावर तर जायचे असते. मग रोज सकाळी चहाबरोबर एक डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक. आता समजा, याच माणसाला रक्तदाब आहे आणि डॉक्टरांनी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी दिली आहे. दिसायला ती एक गोळी, पण तिच्यात दोन औषधे आहेत, एक रक्तदाबाचे आणि एक लघवी वाढवणारे. त्यात तिसरे हे वेदनाशामक मिळाले की मूत्रपिंडावर तिन्हींचा मिळून ताण पडतो. उन्हाळ्यात, जुलाब झाले असताना किंवा पाणी कमी प्यायले असताना हा ताण मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतो. रक्तदाबाची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना वेदनाशामकाची खबरच नसते, कारण ते काउंटरवरून नुसते नाव सांगून घेतलेले असते. दुकानदाराला मात्र दोन्ही ठाऊक असते. दोन्ही त्यानेच दिलेले असते.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध सुरू होते. वेदनाशामकाने रक्तदाब चढतो, मग रक्तदाबाच्या गोळीची मात्रा वाढते. अम्लोडिपिनने पायाला सूज येते, मग सूज उतरवायला लघवीची गोळी येते, मग रात्री चार वेळा उठावे लागते, मग झोप होत नाही म्हणून झोपेची गोळी. चक्कर येते म्हणून प्रोक्लोरपेराझिन महिनोन्‌महिने चालते आणि त्याने हात कापू लागले की कंपवाताचे औषध लागते. अशा साखळीत पहिली गोळी सापडली तर पुढच्या दोन-तीन गोळ्यांची गरजच उरत नाही. पण ती शोधायची तर कोणती गोळी कधी सुरू झाली याचा क्रम हवा. तो क्रम रुग्णाला आठवत नाही, दुकानाच्या बिलांत मात्र तो नोंदलेला असतो.

तिसरा प्रकार खास आपल्या देशातला म्हणावा लागेल. एकच औषध इतक्या निरनिराळ्या नावांनी विकले जाते की दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन वेगळ्या रंगांच्या गोळ्या आत एकच निघतात. पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या गोळीत असते, अंगदुखीच्या जोडगोळीतही असते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे सत्तर वर्षांचा माणूस वाचू शकत नाही. ती वाचणे दुकानदाराचे काम आहे.

कॅनडात काय करून पाहिले

फार्मासिस्टने लक्ष घातले तर खरोखर फरक पडतो काय, याची चांगली परीक्षा कॅनडाच्या क्युबेक प्रांतात झाली. २०१४ ते २०१८ या काळात तेथील ६९ औषध दुकानांनी भाग घेतला. ६५ वर्षांवरील ४८९ माणसे निवडली. त्यांतला प्रत्येक जण चार प्रकारांपैकी किमान एक औषध घेत होता: झोपेची गोळी, जुन्या पद्धतीची सर्दी-खाजेची गोळी, ग्लिबेनक्लामाइड किंवा वेदनाशामक. निम्म्या दुकानांनी नेहमीप्रमाणे धंदा केला. बाकीच्या दुकानांतील फार्मासिस्टांनी दोनच कामे केली. रुग्णाच्या हाती एक साधी पुस्तिका दिली. त्यात हे औषध या वयात का धोक्याचे, याऐवजी काय करता येईल आणि ते हळूहळू कसे सोडायचे हे सोप्या भाषेत होते. दुसरे म्हणजे त्या रुग्णाच्या डॉक्टरांना लेखी मत पाठवले, त्यात कारणे आणि पर्याय मांडले.

सहा महिन्यांनी मोजदाद झाली. पुस्तिका व पत्र मिळालेल्या २४८ जणांपैकी १०६ जणांचे ते औषध बंद झाले होते, म्हणजे शंभरातील ४३ जणांचे. दुसऱ्या गटातील २४१ जणांपैकी फक्त २९ जणांचे, म्हणजे शंभरातील १२ जणांचे. वेदनाशामकात सर्वाधिक यश आले. तिथे ५८ टक्के लोकांनी ते सोडले, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांनी. झोपेच्या गोळीत हे प्रमाण ४३ आणि ९ टक्के होते. औषध सोडल्यामुळे रुग्णालयात भरती करावे लागले अशी घटना नोंदली गेली नाही. तरी झोपेची गोळी कमी करू पाहणाऱ्या ७७ जणांपैकी २९ जणांना ती सुटताना होणारा त्रास जाणवला. हा आकडा आपल्या दुकानदारांनी विसरू नये. झोपेची गोळी एका रात्रीत बंद करायची नसते. अनेक आठवडे घेऊन पाव-पाव करत ती उतरवावी लागते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. इंग्लंडमध्ये रुग्णालयातून घरी सोडलेल्या ऐंशी वर्षांवरील रुग्णांकडे फार्मासिस्ट दोनदा घरी पाठवून औषधे तपासण्याचा प्रयोग झाला. ८७२ जण त्यात होते. २००५ मध्ये निकाल आला तेव्हा सर्वांना धक्का बसला. ज्यांच्या घरी फार्मासिस्ट गेले त्या गटात सहा महिन्यांत २३४ वेळा पुन्हा भरती करावी लागली, दुसऱ्या गटात १७८ वेळा. म्हणजे फार्मासिस्ट भेटला की भले होतेच, असे नाही. क्युबेकमध्ये ठरावीक चारच प्रकारची औषधे धरली होती, प्रत्येकाला पर्याय तयार होता आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही एकच गोष्ट लेखी कळवली होती. माझ्या मते यशाचे बरेचसे रहस्य इथे आहे. मोघम सल्ल्याने म्हातारा माणूस घाबरतो आणि दवाखाना गाठतो.

आणखी एक फरक धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. क्युबेकमध्ये फार्मासिस्टने डॉक्टरांना पाठवलेल्या अशा लेखी मताचा मोबदला सरकारी योजनेतून मिळतो. ऑस्ट्रेलियातही २००१ पासून घरी जाऊन औषधे तपासण्याचे पैसे फार्मासिस्टला सरकार देते. आपल्याकडे दुकानदाराची कमाई फक्त विकलेल्या गोळीवर आहे. न विकलेल्या गोळीचे त्याला काहीच मिळत नाही.

आपला कायदा काय म्हणतो

१९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ हेच सांगते. फार्मसी कौन्सिलने २०१५ साली केलेल्या नियमांत चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे ही फार्मासिस्टची कामे म्हणून लिहिली आहेत. तेव्हा वयस्कर गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारणे ही आगाऊपणाची गोष्ट नाही, ते त्याचे कामच आहे.

उलट बाजूने, चिठ्ठीवरचे औषध परस्पर बदलण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. नियम ६५ त्याला तशी मोकळीक देत नाही, आणि शहाणपणही त्यातच आहे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी हृदयाची गोळी, स्टेरॉइड, फिटची गोळी अचानक बंद झाली तर जिवावर बेतू शकते.

मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम आणि ट्रामाडॉल आहेत. या औषधांची वेगळी वही ठेवायची, त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची असा दंडक आहे. बहुतेक दुकानदार ही वही इन्स्पेक्टरच्या भीतीने लिहितात. पण वयस्कर माणसाच्या झोपेच्या गोळीची साखळी शोधायला यासारखे साधन नाही. महिन्याच्या अखेरीस ती चाळली तर कोणते चाचा दोन वर्षे तीच गोळी नेत आहेत ते लगेच कळते.

अर्थात हे सगळे दुकानात फार्मासिस्ट हजर असेल तर. भिंतीवर एकाचे सर्टिफिकेट आणि काउंटरवर दहावी झालेला सेल्समन, असा प्रकार आपल्याकडे किती रुजला आहे हे धंद्यातल्या कोणालाही विचारा. २०१२ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीची सक्ती करायला घेतली तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला होता. सर्टिफिकेट भाड्याने देणे-घेणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण ज्या भरवशावर माणूस पैसे देतो त्या अमानतीतही ती खयानत आहे. आपल्या मुलांनी तरी या वाटेला जाऊ नये.

काउंटरवर काय विचारावे

दुकानात सकाळी आणि मगरिबनंतर गर्दी असते. जोहर ते अस्र या वेळेत गिऱ्हाईक तुरळक असते. वयस्कर नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्या वेळी घरातली सगळी पिशवी घेऊन बोलवावे. दहा-पंधरा मिनिटांचे काम असते. "चाचा, ही गोळी तुम्ही कशासाठी घेता?" एवढ्या एका प्रश्नाने अर्धे काम होते. उत्तर मिळाले, "बेटा, ते आता आठवत नाही, पण चालू आहे," की तिथे खूण करावी. मग विचारावे: गेल्या सहा महिन्यांत पडलात का? सकाळी गरगरते का? रात्री किती वेळा उठता? हकिमाचे किंवा आयुर्वेदाचे काही घेता का? शेवटचा प्रश्न आपल्याकडे लाजून टाळला जातो, आणि सांध्यांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते, म्हणून तो विचारलाच पाहिजे. स्त्रियांच्या बाबतीत पिशवी बहुधा मुलगा घेऊन येतो आणि अम्मी घरीच असते. शक्य असेल तर सुनेशी किंवा मुलीशी फोनवर बोलून घ्यावे, कारण गोळ्या प्रत्यक्ष कोण देते ते तिलाच माहीत असते.

मिळालेली माहिती एका पानावर लिहावी. औषधाचे मूळ नाव, मात्रा, कोणी सुरू केले, केव्हापासून, कशासाठी. हे पान गिऱ्हाइकाला द्यावे आणि एक प्रत दुकानात ठेवावी. पुढच्या डॉक्टरांकडे ते दाखवायला सांगावे. आजाराची गोष्ट ही त्या माणसाची खाजगी बाब आहे, तेव्हा दुकानात बसलेल्या चार लोकांसमोर तिचा उच्चार नको.

रज्जबपासूनच तयारी

आपल्या दुकानदारांना जी संधी आहे ती इतरांना क्वचितच मिळते, आणि ती म्हणजे रमजान. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तरी आपली वडील मंडळी रोजा सोडायला तयार नसतात. गोळ्यांच्या वेळा मग स्वतःच्या मनाने बदलल्या जातात. सकाळची शुगरची गोळी पूर्ण मात्रेत सहेरीला घेतली जाते आणि त्यानंतर तेरा-चौदा तास अन्नपाणी नाही. दुपारी शुगर उतरते, घाम फुटतो, भ्रम होतो. घरच्यांना वाटते उपवासाने थकवा आला.

२००१ साली १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांची पाहणी झाली होती. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात शुगर धोक्याइतकी उतरण्याचे प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालेले तिच्यात आढळले. ग्लिबेनक्लामाइड हे जुने आणि स्वस्त औषध शुगर फार वेळ खाली ठेवते, वृद्धात तर आणखीच. मधुमेह व रमजान यावरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०१६ मध्ये निघाली आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. अशा जुन्या गोळ्यांऐवजी कमी धोक्याची औषधे घ्यावीत आणि रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, अशी तिची शिफारस आहे. आठ आठवडे म्हणजे रज्जबचा चंद्र दिसल्यावरच. दुकानदाराने त्या सुमारास आपल्या मधुमेही आणि लघवीची गोळी घेणाऱ्या वयस्कर गिऱ्हाइकांना आठवण द्यावी, पान लिहून डॉक्टरांकडे धाडावे. कोणती गोळी इफ्तारला, कोणती सहेरीला, कोणाची मात्रा निम्मी, हे डॉक्टर ठरवतील. रोजा ठेवायचा की नाही हा प्रश्न डॉक्टर आणि उलमा या दोघांना विचारण्याचा आहे, मेडिकलवाल्याने त्यात पडू नये. पण ज्या दुकानात शाबान महिन्यात ही विचारपूस होते त्या दुकानाचे नाव मस्जिदीच्या पायऱ्यांवर निघते, जाहिरात करावी लागत नाही.

डॉक्टर रागावतील त्याचे काय

ही अडचण खरी आहे. पुष्कळ मेडिकल दवाखान्याच्या आधारावर चालतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीत खोड काढली तर उद्या चिठ्ठ्या समोरच्या दुकानात जातील, ही भीती रास्त आहे. म्हणून रुग्णापुढे डॉक्टरांबद्दल चकार शब्द काढू नये. जे सांगायचे ते डॉक्टरांना, लेखी, नम्रपणे आणि थोडक्यात. "आपले रुग्ण रक्तदाबाच्या गोळीसोबत दुसऱ्या दवाखान्यातील वेदनाशामक रोज घेत आहेत, आपल्या माहितीसाठी," इतके पुरते. बहुतेक डॉक्टरांना ही माहिती हवीच असते, कारण ती त्यांना दुसरीकडून मिळत नाही. एकदा दोघांची ओळख बसली की पुढे ते स्वतःच विचारतात.

औषध देणाऱ्याने विचार करावा ही काही पाश्चात्त्यांची नवी कल्पना नाही. अकराव्या शतकात अल-बिरूनी यांनी औषधशास्त्रावर 'किताब अस-सैदना' लिहिले. औषध ओळखण्यापलीकडे जाणकाराच्या दोन गोष्टींची चर्चा त्यांनी केली: हज्फ आणि तब्दील, म्हणजे वगळणे आणि एकाच्या जागी दुसरे योजणे. मध्ययुगीन मुस्लिम शहरांत औषध विक्रेत्यांवर मुहतसिबाची नजर असे, वजन-मापाप्रमाणेच औषधाचा कसही तपासला जाई.

नफ्या-तोट्याचा हिशेब

आता दुकानदाराच्या मनातला प्रश्न. गोळ्या कमी केल्या तर पोट कसे भरायचे? सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर, २०१३ च्या किंमत आदेशाप्रमाणे, किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला आहे. इतर औषधांवर तो साधारण २० टक्के मिळतो. समजा एका वयस्कर गिऱ्हाइकाचे महिन्याचे बिल १,२०० रुपये आहे आणि डॉक्टरांनी दीडशे रुपयांच्या दोन गोळ्या बंद केल्या. दुकानदाराचे महिन्याला वीस-तीस रुपये गेले. पण त्याच गिऱ्हाइकाची नातवंडे, सुना, शेजारी त्याच दुकानात येतात. मोठ्या साखळी दुकानांशी आणि मोबाइलवरून औषध पोचवणाऱ्या कंपन्यांशी सवलतीच्या बाबतीत छोटा दुकानदार टिकू शकत नाही. त्यांच्याकडे जे नाही ते म्हणजे चाचांना नावाने ओळखणारा, त्यांची सगळी औषधे माहीत असलेला फार्मासिस्ट. छोट्याने जगायचे तर याच बळावर.

खरा पेच स्कीमच्या मालाचा आहे. घाऊक विक्रेता दहावर दोन-तीन पाकिटे फुकट देतो, मग अंगदुखीची ती जोडगोळी गुडघा धरून आलेल्या प्रत्येकाच्या हाती जाते. यात नफा दांडगा आहे हे मान्य. निदान पासष्टीच्या पुढच्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या गिऱ्हाइकाला तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वेदनाशामक द्यायचे नाही, असा एक नियम दुकानात लावून पाहावा. शेकण्याची पिशवी, गुडघ्याचा पट्टा, लावायचे मलम आणि प्रमाणात पॅरासिटामॉल या गोष्टीही त्याच दुकानात विकल्या जातात.

ज्या वाचकांचा धंदा औषधाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. अब्बा-अम्मींची औषधे शक्यतो एकाच दुकानातून घ्या आणि बिल मागून घ्या. सहा महिन्यांतून एकदा घरातला डबा पूर्ण रिकामा करून, मुदत संपलेल्या स्ट्रिपांसह, फार्मासिस्टपुढे ठेवा. सोबत सर्व चिठ्ठ्या आणि रक्तातील क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट न्या, कारण मूत्रपिंड किती काम करते हे कळल्याशिवाय निम्म्या औषधांची मात्रा ठरवता येत नाही. आणि काउंटरवर फार्मासिस्ट कोण आहे हे विचारायला संकोच करू नका. नोंदणीचे सर्टिफिकेट दुकानात लावलेले असते, त्यावरचे नाव आणि समोरचा माणूस जुळतो का ते पाहता येते.